शंभर बियांची परीक्षा

या आठवड्यात खरं म्हणजे आपण धूमकेतूंबद्दल बोलणार होतो. तसं मागच्या अंकात कबूलही केलं होतं. पण धूमकेतू आणखी आठ दिवस थांबतील, त्यांना घाई नसते. घाई आहे ती एका पत्राला.

पत्र आलंय आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावच्या पुढं डोंगराच्या बाजूला असलेल्या एका गावातून. लिहिणारा दहावीत आहे. वरच्या कोपऱ्यात त्यानं दोन रेघा मारून लिहिलंय, 'नाव छापू नये, घरी पंचाईत होईल.' तेव्हा नाव माझ्यापाशीच राहू दे. पत्रातला मुद्दा मात्र तुम्हा सगळ्यांपुढं ठेवतो. तो लिहितो, 'दहावीनंतर मला कृषी विद्यालयात जायचं आहे. वडील म्हणतात, शेतीच करायची तर शाळा कशाला? आणि शाळाच शिकायची तर शेती कशाला? याला काय उत्तर द्यावं?'

वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. प्रश्न फार चोख आहे हो! त्याच्या वडिलांना उगाच अडाणी वगैरे म्हणू नका. आपल्याकडं एक म्हण होती, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. आता ती पार उलटी टांगली गेली आहे. तुमच्यापैकी खेड्यातल्या प्रत्येकानं घरी एक वाक्य ऐकलेलं असणार, 'अभ्यास कर, नाहीतर ढोरं राखायला जावं लागेल!' म्हणजे शाळा कशासाठी? तर शेतीतून सुटका व्हावी म्हणून. मग ज्या शाळेतून परत शेतातच जायचं, ती शाळा वडिलांना कशी पटावी?

शहरातल्या मित्रांसाठी एवढं सांगतो, की कृषी विद्यालय म्हणजे दहावीनंतर शेतीची पदविका देणारी शाळा. आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. पुणे जिल्हा येतो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं. या विद्यापीठाची स्थापना १९६८ साली झाली. या शाळेत फळा, खडू, परीक्षा, सगळं असतं. पण शाळेला शेत असतं, गोठा असतो, आणि मुलांच्या बुटांना चिखल लागलेला असला तर कुणी ओरडत नाही.

अशाच एका शाळेत मी गेलो होतो. जुन्नर तालुक्यात. नोव्हेंबर महिना होता. सकाळी साडेसहाला पोहोचलो तर वर्ग रिकामे! मुलं कुठं? तर निम्मी गोठ्यात शेण काढत होती आणि निम्मी वाफ्यांवर. दोन-दोन मुलांच्या जोडीला एकेक गुंठा जमीन वाटून दिलेली. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. असे ४० गुंठे झाले की एकर. त्या गुंठ्यात काय लावायचं, कधी लावायचं, पाणी किती, खत किती, ते जोडीनं ठरवायचं. पीक आलं तर त्यांचं. नाही आलं तर? तर का नाही आलं, ते लिहून द्यायचं. मार्क त्यालाही असतात, हे मला फार आवडलं. आपल्या नेहमीच्या शाळेत चुकलेल्या गणिताला कुणी मार्क देतं का?

प्रत्येकाकडं एक नोंदवही. मी सरांच्या शेजारी बसून त्या वह्या चाळत होतो. एका मुलानं लिहिलं होतं, 'पिकाची वाढ चांगली आहे.' सरांनी 'चांगली'खाली लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'चांगली म्हणजे किती?' मुलगा वही घेऊन पळाला. दहा मिनिटांनी परत आला. आता लिहिलं होतं, 'दहा रोपं मोजली. सरासरी उंची १४ सेंटिमीटर. पानं ५. दोन रोपांची टोकं पिवळी.' सर म्हणाले, "आता कळलं मला, तुझ्या वाफ्यात काय चाललंय ते."

मला वाटतं, कृषी विद्यालय म्हणजे काय याचं निम्मं उत्तर त्या लाल रेघेत आहे. तुझे वडीलही रोज पीक बघतात, आणि माझ्या-तुझ्यापेक्षा किती तरी बारीक नजरेनं बघतात. फक्त ते बघणं डोक्यात राहतं. वहीत उतरत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. मी गेलो त्या दिवशी वर्गात बियाण्याची परीक्षा चालली होती. ही परीक्षा मुलांची नव्हे हं, बियांची! मुलांनी घरून कांद्याचं बी आणलं होतं. प्रत्येकानं न निवडता, हाताला येईल तसं, शंभर बिया मोजून घ्यायच्या. न निवडता हे महत्त्वाचं. टपोऱ्या तेवढ्या उचलल्या तर ती परीक्षा कसली, ती कॉपी झाली! ओल्या कागदावर दहा-दहांच्या रांगा मांडायच्या, वर दुसरा ओला कागद ठेवायचा, सैलसर गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. कागद वाळू द्यायचा नाही, पाण्यात बुडवायचाही नाही. कांद्याची उगवण सावकाश होते, म्हणून बाराव्या दिवशी शेवटची मोजणी. शंभरातल्या किती बियांना धड कोंब आणि मूळ आलं? तेवढे टक्के. कांद्याच्या प्रमाणित बियाण्याला निदान ७० टक्के उगवण लागते, त्याखाली ते बियाणं नापास.

मी नेमका बाराव्या दिवशी पोहोचलो होतो. गुंडाळ्या उघडत होत्या. ७४, ८१, ६९ (एकानं हळूच आणखी एक कोंब शोधायचा प्रयत्न केला!). आणि एका मुलाच्या कागदावर २७.

सगळे हसले. तो मात्र हसला नाही. त्यानं पुन्हा मोजलं. २७च. सरांनी विचारलं, "बी कधीचं रे?" तो म्हणाला, "घरचंच आहे. मागल्याच्या मागल्या वर्षीचं. डब्यात होतं." कांद्याचं बी फार नाजूक असतं. धान्याचं बी नीट राखलं तर काही वर्षं टिकतं, पण कांद्याचं बी साध्या डब्यात ठेवलं, त्याला दमट हवा लागली, की वर्षभरातच त्याची ताकद उतरायला लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. तेच काळं, तेच कोनेरी. आतून मात्र मेलेलं.

सर म्हणाले, "मग आता रोपवाटिकेत टाकू नका म्हणावं." मुलगा खाली बघत म्हणाला, "वडलांनी परवाच टाकलं. एका एकराचं. तीन किलो."

मित्रांनो, आता वही-पेन्सिल घ्या. वर्गात आम्ही जे गणित केलं ते तुम्हीही करा. कांद्याची रोपं लावताना दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर एका रोपाला जागा किती? दीडशे चौरस सेंटिमीटर. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. भागाकार करा. रोपं लागतील साधारण २ लाख ७० हजार. बांध, पाट, वरंबे यांची जागा सोडली तर थोडी कमी.

आता बी. एका ग्रॅममध्ये कांद्याच्या अडीचशे ते तीनशे बिया बसतात. अडीचशेच धरू. म्हणजे एका किलोत अडीच लाख बिया. अरेच्चा! मग एकराला किलोभराहून थोडंसंच जास्त बी पुरलं की! शेतकरी तीन-तीन किलो का टाकतात? वेडे आहेत का? अजिबात नाही. सगळं बी उगवत नाही. उगवलेली काही रोपं मर रोगानं वाफ्यातच कोलमडतात. काही दाट पडून काडीसारखी बारीक राहतात, ती लावण्याजोगी नसतात. या सगळ्याचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आला, आणि तो बरोबर आहे. पण कुठवर बरोबर? बी ७०-८० टक्के उगवणारं असेल तोवर. २७ टक्क्यांना काय होतं? तीन किलोत साडेसात लाख बिया, त्यांतल्या २७ टक्के म्हणजे दोन लाखांच्या आसपास. तेही ओल्या कागदावर, सावलीत, लाडाकोडात. मातीत आणखी कमी.

एक एकर लागणार नव्हतंच. गणित फळ्यावर संपलं तेव्हा वर्गात कुणी हसत नव्हतं.

त्या मुलानं दुपारी घरी फोन केला. मी शेजारीच होतो. पलीकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं, कारण त्याचे वडील फोनवर शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलतात तसं बोलत होते. "दोन महिने झाले शाळेत जाऊन, आता बापाला शिकवतोय!" फोन बंद. मुलाचा चेहरा एवढासा झाला. काय बोलावं ते मलाही सुचेना.

पुढचं मला फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा कळलं. रोपवाटिका विरळ झाली. निम्म्या रानाला रोप पुरलं, बाकीचं शेजाऱ्याकडून विकत आणावं लागलं, लागण दोन आठवडे लांबली. "मग वडील काय म्हणाले?" मी विचारलं. तो म्हणाला, "काहीच नाही." मग थोडं थांबून, "पण दिवाळीत मी घरी गेलो की ते काय करतील ते बघायचंय."

आणि पुढच्या दिवाळीनंतर त्याचा मला फोन आला. सुट्टी संपवून तो निघाला तेव्हा वडिलांनी रुमालात गाठ मारून थोडं बी त्याच्या पिशवीत टाकलं. म्हणाले, "ठेव तुझ्या कागदावर." एवढंच. तू बरोबर होतास वगैरे काही नाही! आमच्याकडचे बाप असंच बोलतात. आई-बाबांनो, तुम्ही हे वाचत असाल तर हसलात ना?

तर पत्र लिहिणाऱ्या मित्रा, 'शेतीच करायची तर शाळा कशाला' याचं उत्तर मला त्या २७ कोंबांत दिसलं. तुझ्या वडिलांना जे ठाऊक आहे ते शाळा पुसून टाकत नाही. ते कुठं लागू पडतं आणि कुठं फसतं, हे मोजून बघायची सवय तेवढी लावते.

आणि ठाऊक असण्याचं म्हणाल तर ते दोन्हीकडून चालतं बरं का. त्याच वर्गात एक मुलगी होती, पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावातली. आंबेगाव आणि जुन्नरच्या त्या पट्ट्यात हिरड्याची झाडं आहेत, आणि उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणं हे तिथल्या आदिवासी घरांचं हक्काचं उत्पन्न. बाळहिरडा म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, वाळलं की काळंभोर होतं आणि औषधाला जातं. सर मूळचे सोलापूरकडचे. त्यांनी हिरडा पाहिला होता तो दुकानातल्या बरणीत! त्या मुलीनं तासभर वर्ग घेतला. फळ कधी उतरवायचं, किती दिवस वाळवायचं, पाऊस आला तर काय नासतं. सर मागच्या बाकावर बसून लिहून घेत होते.

शेवटी ती म्हणाली, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्यांच्याकडची हिरड्याची कितीतरी झाडं मोडली. भरपाई मिळावी म्हणून लोकांना पुढं वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पंचनाम्याला माणसं आली की विचारतात, झाडं किती? वय किती? दर साली माल किती निघतो? "माझ्या आजीला एकूण एक झाड ठाऊक आहे," ती म्हणाली. "कुठलं कधी धरतं, कुठलं आंबूस, सगळं. पण कागदावर एकही झाड नाही." त्या वर्षी तिनं आपला प्रकल्प म्हणून काय घेतलं असेल? गावातली हिरड्याची झाडं मोजून त्यांची वही तयार करणं. आजीला बरोबर घेऊन.

जुन्नर-आंबेगाव हा मुलूखच असा आहे, की शेती शिकायला याहून चांगलं पुस्तक मिळणं कठीण. नकाशा काढा. पश्चिमेला नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर. धो धो पाऊस, तांबडी माती, उतारावरची भातखाचरं, नाचणी, वरई. तिथून पूर्वेला निघा. वीस-तीस मैलांत पाऊस झरझर कमी होत जातो. मधल्या पट्ट्यात कुकडी, मीना, घोड या नद्या आणि धरणं. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे. त्यांच्या पाण्यावर ऊस, द्राक्षं, कांदा, टोमॅटो. आणखी पूर्वेला गेलात की काळी कोरडी रानं, बाजरी आणि आभाळाकडं लागलेले डोळे. एकाच एस.टी.च्या एका तिकिटात तीन प्रकारची शेती! (आणि उसात बिबट्या. तो या भागातल्या मुलांना शिकवावा लागत नाही. रात्रीची वीज आली म्हणून अंधारात पाणी धरायला जाणाऱ्या बापाची वाट बघत बसलेली मुलं तुमच्यातही असतील.)

या मातीत शेतीचे प्रयोग काही आजचे नाहीत. अलेक्झांडर गिब्सन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर १८३८ साली पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याची दुसरी बाग होती नारायणगावजवळ, हिवऱ्याला. तिथं तो औषधी वनस्पती वाढवायचा. पुढं १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. पण त्या बागेत शिकायला गावातली पोरं बोलावली होती का? ती बाग सरकारची होती, शाळा नव्हती.

खेड्यातल्या पोरांनी शाळेतच शेती शिकावी, हे ठासून सांगितलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला, तेव्हा जोतीरावांनी त्याच्यापुढं निवेदन ठेवलं. प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीची तोंडओळख असावी, आणि नुसते धडे नकोत, शाळेला जोडून एक लहानसं नमुन्याचं शेत असावं, म्हणजे मुलं प्रत्यक्ष करून शिकतील, असं त्यांनी म्हटलं होतं. दुसऱ्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. सरांनी लाल रेघ ओढलेली ती वही मी बघत होतो, तेव्हा मला हे निवेदन आठवत होतं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. किती शाळांना असं शेत मिळालं? तुमच्या शाळेमागं काय आहे, ते उद्या जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी गवत असेल.

अगदी अलीकडची गोष्ट सांगायची तर आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. कोरडवाहू, पावसाची नेहमी ओढ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेले. नोकरी मुदतीआधी सोडून ते या गावात आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस जन्मल्यापासून हातानं करत करत शिकतो, शाळेत गेल्यावरच त्याला हात बांधून का बसवतात? त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक विषय तयार केला. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, आरोग्याच्या साध्या तपासण्या अशी कामं करतात. आणि गंमत अशी, की ती कामं खोटी-खोटी नसतात. गावातल्या माणसाला खरंच फाटक हवं असतं, मुलं ते करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. फाटक वाकडं झालं तर गिऱ्हाईक बोलतं! शालान्त परीक्षा मंडळानं १९८७ मध्ये हा विषय मान्य केला. शाळेत न रमलेल्या मुलांसाठी तिथं वर्षभराचा निवासी अभ्यासक्रमही सुरू झाला. डॉ. कलबाग २००३ साली गेले. आश्रम चालू आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर तुझ्या वडिलांशी माझी बेइमानी होईल. 'शाळाच शिकायची तर शेती कशाला' या त्यांच्या दुसऱ्या प्रश्नात एक भीती आहे. ती खरी आहे.

जुलै २०२३ आठवतो? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेलं होतं. वर्तमानपत्रांत फोटो आले, लखपती, करोडपती शेतकरी म्हणून. आणि सप्टेंबर येईपर्यंत? राज्यात टोमॅटो किलोला पाच रुपयांच्या आसपास येऊन पडला. माल तोडायची मजुरी सुटेना म्हणून लोकांनी तो फेकून दिला. तीच माती, तेच पाणी, तेच कष्ट, दोन महिन्यांचा फरक. याचा धडा कुठल्याही कृषी विद्यालयात नाही. उद्याचा भाव सांगणारी नोंदवही अजून कुणी छापलेली नाही.

मी सरांना हेच विचारलं. ते म्हणाले, "भाव माझ्या हातात नाही. पण भाव पडला की आपण किती बुडालो, हे तरी पोरांना कळायला हवं." आणि त्यांनी मला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात नेलं. फळ्यावर प्रश्न होता, 'तुमच्या घरी एक किलो कांदा पिकवायला किती खर्च आला?' मुलांनी भराभर लिहिलं. बी, खत, औषध, नांगरट, लागणीची मजुरी, काढणीची मजुरी, गोण्या, बाजारात न्यायचं भाडं. बेरीज, भागाकार, उत्तर तयार. सर सगळ्यांच्या वह्यांवरून फिरले आणि म्हणाले, "आईची मजुरी धरलीत का?"

वर्ग शांत.

"खुरपणीला कोण होतं? पाटाच्या पाण्याला? चाळीत कांदा निवडायला? बाईला बोलावलं असतं तर रोज दिला असता ना? मग आईचा शून्य का?"

मित्रांनो, त्या एका ओळीनं प्रत्येकाचं उत्तर बदललं. मंचर, आळेफाटा, ओतूर, या बाजारांत कांद्याचा भाव दहा किलोला पुकारतात. मुलांनी ताजा भाव शेजारी लिहिला. काहींच्या वहीत फायदा उरला, बऱ्याच जणांच्या वहीत तोटा निघाला. एक मुलगा सरळ म्हणाला, "सर, हे घरी दाखवू का नको?" सरांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, "तुझं तू ठरव." मला ते उत्तर न देणं बरोबर वाटलं. आज ही ओळ लिहितानाही मला ठरवता येत नाही, की मी असतो तर काय केलं असतं.

तेव्हा मित्रा, तुझ्या पत्राला माझं असं सांगणं आहे. शेतीत नशीब काढशील असं वचन देणारी कुठलीही शाळा खोटं बोलते. तसं कुणी म्हणालं तर तिथून उठून ये. प्रवेशाआधी प्रत्यक्ष जाऊन बघ. मुलांना वाटून दिलेली जमीन आहे का, गोठ्यात जनावरं आहेत का, नोंदवह्यांत लाल रेघा आहेत का. ज्या शाळेत नोंदवह्या कोऱ्या करकरीत, तिथं प्रात्यक्षिक कागदावरच होतं असं समज. मोठं शिकायची इच्छा असेल तर अकरावी-बारावी विज्ञान करून, प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची कृषी पदवीही घेता येते. पदविकेनंतर पुढचा रस्ता कसा, त्याचे नियम बदलत असतात, ते विद्यापीठाकडूनच लेखी विचारून घे. ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

आणि वडिलांना घेऊन जा. हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यांना वर्गात नेऊ नकोस, आधी वाफ्यांवर ने. तिथं ते तुझ्याशी बोलणार नाहीत, सरांशी बोलतील, मातीत हात घालतील, 'इथं पाणी साचतंय, चर काढा' असं काही तरी सांगतील. सरांनी ते वहीत लिहून घेतलं, तर शाळा चांगली.

त्याआधी घरी एक काम कर. तू आणि हे वाचणारे बाकीचे सगळेसुद्धा. घरात पेरणीसाठी ठेवलेलं कुठलंही बी घ्या. शहरात असाल तर स्वयंपाकघरातली मेथी चालेल. न निवडता शंभर बिया मोजा आणि मघाशी सांगितलं तसं ओल्या कागदात ठेवा. मेथी चार-पाच दिवसांत बोलेल, कांदा बाराव्या दिवशी. किती उगवल्या, बी कशाचं होतं आणि ते कधीचं होतं, ते मला पत्रानं कळवा. आकडा लहान आला तर लपवू नका. पुढच्या आठवड्यात नक्की धूमकेतू!